माध्यमिक शिक्षकांच्या कामाचं मूल्यमापन: गोपनीय अहवाल, निकालाची टक्केवारी आणि प्रत्यक्ष तास

खडूवाले

एप्रिल उजाडला की मुख्याध्यापकांच्या टेबलावर शिक्षकांच्या वर्षभराच्या कामावरच्या गोपनीय अहवालांचे कोरे नमुने येतात आणि दोन दुपारींत भरूनही होतात. 'समाधानकारक', 'नियमित', 'विषयाची तयारी चांगली'. त्या शेऱ्यामागे वर्षभरातली एकही नोंद नसते. चांगल्या शिक्षकाला त्यातून काही कळत नाही, आणि ज्याला मदतीची गरज आहे त्याला तर अजिबातच नाही. यावर नेमकं काय करता येईल हे एका जागी यावं म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट. 'खासगी की सरकारी' ही सरळ फाळणी आपल्या माध्यमिक शाळांना लागू पडत नाही. प्राथमिकला जिल्हा परिषद मोठी, पण नववी-दहावीच्या बहुतेक शाळा संस्थांच्या आहेत. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या हायस्कूलमध्ये नेमणूक, पगार आणि शिस्त एकाच हाती. अनुदानित शाळेत अहवाल संस्थेने नेमलेले मुख्याध्यापक लिहितात, पगार शासन देतं. अंशतः अनुदानितमध्ये पगाराचा एक टप्पा शासनाचा, बाकीचं संस्थेवर. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सगळंच संस्थेचं. पेन कोणाच्या हातात आणि पगार कोणाच्या, यावर त्या अहवालाचं वजन ठरतं. त्यामुळे उत्तर देताना कोणत्या शाळेबद्दल बोलताय ते कृपया लिहा.

माझे प्रश्न: कायद्याने किमान काय करायलाच हवं? तास कसा पाहायचा? दहावीचा निकाल किती धरायचा? आणि मुलांना विचारावं का?

न्यायपालन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, खासगी शाळांपुरतं. १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली. आपण बोलताना 'एमईपीएस' म्हणतो ती हीच. नियम १४ आणि १५ कामाच्या मूल्यमापनाचे. शिक्षकाचा गोपनीय अहवाल दरवर्षी मुख्याध्यापकाने लिहायचा, मुख्याध्यापकाचा संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने. प्रतिकूल शेरा असेल तर तो ऑगस्टअखेरपर्यंत लेखी कळवायचा. आणि ज्याच्याकडे बहुतेक संस्था दुर्लक्ष करतात ती तरतूद अशी: अहवाल लिहिलाच नाही, किंवा शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्या. चार वर्षं तोंडी तक्रारी, कपाटात एकही कळवलेला शेरा नाही, आणि पाचव्या वर्षी अकार्यक्षमतेचा ठपका. असं प्रकरण शाळा न्यायाधिकरणापुढे उभं राहत नाही. नियम २८ मध्ये अकार्यक्षमतेची व्याख्याही आहे. वारंवार सूचना देऊन आणि सोयी उपलब्ध करूनही अद्ययावत न राहणं, आणि आवाक्यातल्या कारणांमुळे ठरल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण न करणं. म्हणजे सूचना दिल्याचा कागद हवा आणि सोय दिल्याचाही.

शिक्षणसेवकांचा (मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकांचा) प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. त्यांची तीन वर्षं हाच परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ. त्या काळात मुख्याध्यापकाने कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायची, असं नियम १५ मध्येच आहे. काम असमाधानकारक वाटलं तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी मानधन देऊन सेवा संपवता येते, पण नोंदी नसतील तर 'असमाधानकारक' हा शब्द पोकळ ठरतो. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.

जिल्हा परिषद शिक्षकांना हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी जिल्हा सेवेचे १९६४ चे शिस्त व अपील नियम आणि १९६७ चे वर्तणूक नियम आहेत.

वहीतपासणी

तासाच्या निरीक्षणाबद्दल लिहिते. अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित दोन्हीकडे हे चालतं, फरक फक्त माणसं किती आहेत याचा.

सध्या काय होतं? पर्यवेक्षक दहा मिनिटं मागच्या बाकावर बसतात, लॉगबुकात 'फलक लेखन सुंदर, वर्गनियंत्रण चांगले, शैक्षणिक साहित्याचा वापर करावा' असं लिहितात आणि सही घेतात. ही तीन वाक्यं कुठल्याही तासाला चिकटवता येतात. ज्या वाक्यात त्या दिवशीचा घटक आणि एखाद्या मुलाचं उत्तर नाही, ते निरीक्षणच नाही.

पूर्ण तास बसा. ३५ किंवा ४० मिनिटांचा. कागदावर पाच-पाच मिनिटांच्या पट्ट्या आखा आणि प्रत्येक पट्टीत तीनच गोष्टी टिपा: कोण बोलतंय, मुलं काय करताहेत, शिक्षकाने कोणता प्रश्न विचारला. प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. वर्गाचा आराखडा काढून ज्या बाकावरून उत्तर आलं तिथे खूण करा. तासाच्या शेवटी दिसतं की सगळ्या खुणा पहिल्या दोन बाकांवर आणि खिडकीकडच्या रांगेत आहेत. शिक्षकाला हे सांगावं लागत नाही, कागद पुढे ठेवला की पुरतं. प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबतात तेही मनातल्या मनात मोजा. एका सेकंदात स्वतःच उत्तर देणं ही सवय फार सर्रास आहे, आणि करणाऱ्याला तिचा पत्ताच नसतो.

मग वह्या. तासानंतर सहा वह्या मागवा: दोन पुढच्या मुलांच्या, दोन मधल्यांच्या, दोन मागे पडलेल्यांच्या. निवड तुम्ही करायची, शिक्षकाने नाही. एक नमुना देते. दहावी गणित भाग १, दोन चलांतील रेषीय समीकरणं, निश्चयकाची किंमत काढायची आहे: ४ × २ − ३ × (−५). वहीत लिहिलंय ८ − १५ = −७. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि सही. उत्तर २३ हवं. हीच चूक सहापैकी तीन वह्यांत आणि तिन्हींवर खूण, याचा अर्थ वह्या 'तपासल्या' गेल्यात पण वाचल्या गेल्या नाहीत. 'गृहपाठ नियमित' या रकान्यात इथे 'होय' येतं. निरीक्षणाच्या टिपणात मात्र लिहायचं: वजा चिन्हाच्या गुणाकाराची चूक तीन वह्यांत, पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं त्यावर.

चर्चा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, वीस मिनिटं, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नाही. एका वेळी एकच सुधारणा सांगा. सात सांगितल्या तर एकही होत नाही. पुढचं निरीक्षण त्याच मुद्द्यासाठी, तीन ते चार आठवड्यांनी.

वेळेचा हिशेब करू. २४ शिक्षक, पाहणारे दोन (मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक), वर्षाला प्रत्येकी तीन तास. एकूण ७२, म्हणजे एकाच्या वाट्याला ३६. शिकवण्याचे साधारण ३० आठवडे धरले तर आठवड्याला एक, क्वचित दोन. आधी टाचण (पाठाची लेखी तयारी) पाहायला १५ मिनिटं, तास ४०, चर्चा २०, म्हणजे सव्वा तास. हे जमण्यासारखं आहे. मात्र वेळापत्रकात मुख्याध्यापकांचे ते तास जूनमध्येच बांधून ठेवावे लागतात, नाहीतर ऑफिसचं काम ते गिळून टाकतं.

कोकणकडा

मॅडम, पद्धत पटली. पण पाचवी ते दहावी एकेक तुकडी असलेल्या शाळेत पर्यवेक्षकाचं पदच नसतं. मुख्याध्यापक स्वतःही वर्गावर तास घेतात, शिपाई नसेल तर घंटाही तेच देतात. तिथे हे कोण करणार? दुसरं, मराठीचे मुख्याध्यापक विज्ञानाचा तास पाहून काय सांगणार? फार तर आवाज आणि फळा.

वहीतपासणी

@कोकणकडा सर, छोट्या शाळेसाठी दोन वाटा आहेत. पहिली, जवळच्या दोन-तीन शाळांनी विषयवार अदलाबदल करायची. या शाळेच्या विज्ञानाच्या मॅडम त्या शाळेत वर्षातून दोनदा, तिथले सर इथे दोनदा. संस्था एकच असेल तर सोपं. नसेल तर दोन्ही मुख्याध्यापकांचं एक पत्र शिक्षणाधिकारी कार्यालयाला माहितीसाठी द्यावं, म्हणजे त्या दिवसाच्या हजेरीचा प्रश्न येत नाही. या भेटीचा कागद गोपनीय अहवालाला जोडायचा नाही, तो फक्त सुधारणेसाठी. जोडला तर पुढच्या वर्षापासून सगळे एकमेकांना 'उत्कृष्ट' लिहितात.

दुसरी वाट, विषय येत नसेल तर मुलांकडून पाहा. तासानंतर चार मुलांना एकच प्रश्न: आज शिकवलं त्यातलं एक उदाहरण करून दाखव. मराठीच्या मुख्याध्यापकांनाही कळतं की चारपैकी तिघं पहिल्याच पायरीवर अडली.

अजून एक: दोन निरीक्षकांनी सुरुवातीला एकच तास एकत्र बसून, पण न बोलता नोंदवावा. तासाला चार पायऱ्यांचं माप लावत असाल आणि त्यात दोघांचं एका पायरीहून जास्त अंतर पडलं तर माप नीट ठरलेलं नाही. आधी ते ठरवा, मगच शिक्षकांना पायऱ्या द्या.

गणित८०

निकालावर येतो. शाळेच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी हे शिक्षकाच्या कामाचं माप म्हणून वापरणं मला साफ चुकीचं वाटतं, आणि त्याचा पुरावा मंडळाच्याच आकड्यांत आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१०. २०२० ला ९५.३०. तेच शिक्षक, त्याच शाळा. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढून घेतले होते, पुढच्या वर्षी परत आले. (२०२० ला भूगोलाचा पेपरही टाळेबंदीमुळे रद्द झाला होता.) २०२१ ला लेखी परीक्षाच झाली नाही, मूल्यमापन शाळांनी केलं, आणि निकाल ९९.९५. यातली कोणती टक्केवारी शिक्षकाची म्हणायची?

शाळेच्या पातळीवर आणखी गोंधळ. ४० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. 'माझा निकाल ९२, त्यांचा ९७' म्हणजे फरक दोन मुलांचा. आणि निकाल वाढवायचा सोपा मार्ग शिकवणं नसून गाळणं आहे. नववीत नापास करायचं, किंवा पालकांना बोलावून १७ नंबरचा (खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा) फॉर्म भरायला सांगायचं. म्हणून निकालाच्या तक्त्यात पहिला रकाना हाच हवा: जूनमध्ये नववीच्या पटावर किती होते आणि त्यातले किती जण पुढच्या वर्षी याच शाळेतून नियमित म्हणून दहावीला बसले. हा रकाना नसलेला १०० टक्के निकाल मी धरणार नाही.

तरी गुण वापरायचेच असतील तर असे वापरा. मंडळाच्या गुणांतून शाळेने पाठवलेले अंतर्गत २० वजा करा, ते शाळेने स्वतःच दिलेले आहेत. उरलेल्या ८० वर काम करा. प्रत्येक मुलाचे तुमच्या विषयातले गुण आणि त्याच मुलाची बाकी विषयांची सरासरी, यांतला फरक काढा. वर्गातल्या सगळ्या फरकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) घ्या, सरासरी नको. दोन-तीन मुलं आजारी पडली तरी मध्यक फारसा हलत नाही.

आता चूक इथे होते: गणिताचा फरक जवळपास सगळीकडे वजाच असतो आणि मराठीचा अधिक. म्हणून गणिताच्या सरांची मराठीच्या मॅडमशी तुलना करायची नाही. याच शाळेतल्या याच विषयाच्या मागच्या तीन वर्षांच्या फरकाशी करायची. गेली तीन वर्षं उणे ९, ८, ९ असताना यंदा उणे ३ आला तर काहीतरी चांगलं घडलंय, जाऊन विचारा. शेरा लिहिण्यासाठी नव्हे, बाकीच्यांना सांगण्यासाठी. आणि एका वर्षावर निष्कर्ष नको.

नववीच्या शिक्षकाचं नावही त्याच ओळीत लिहा. दहावीच्या गुणांत आठवी-नववीचं शिकवणं मुरलेलं असतं, श्रेय मात्र शेवटच्याला मिळतं.

रानपाखरू

निकाल पगाराशी जोडायचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे, त्याची आठवण करून देतो. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवड श्रेणी मिळवायला प्रशिक्षणाबरोबर शाळेच्या गुणवत्तेच्या अटी घातल्या. शाळासिद्धीत (शाळेच्या मूल्यमापनाच्या सरकारी चौकटीत) शाळा 'अ' श्रेणीत हवी, माध्यमिकला नववी-दहावीचा निकालही धरलेला. म्हणजे एका व्यक्तीची वेतनश्रेणी पूर्ण शाळेच्या श्रेणीवर. शाळासिद्धीत सात क्षेत्रं आहेत, त्यातलं पहिलंच भौतिक सुविधांचं. शाळेला कुंपण नाही यात इंग्रजीच्या शिक्षकाचा काय दोष? शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि त्या अटी नंतर मागे घेतल्या गेल्या.

शिक्षकाला जास्त पैसे देण्याने काहीच होत नाही असं मात्र म्हणू नये. आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. बक्षीस वार्षिक पगाराच्या साधारण तीन टक्के, आणि दोन वर्षांत गणित व भाषा दोन्हींत मुलांचे गुण वाढलेले दिसले. पण तिथे मुलांची चाचणी बाहेरच्यांनी घेतली होती, आणि बक्षीस मुलांच्या आधीच्या गुणांपासून झालेल्या वाढीवर होतं. उत्तीर्णांच्या टक्केवारीवर नव्हतं. आपल्याकडे यातली एकही अट पाळली गेली नाही. शिवाय ती प्राथमिक शाळा होती. माध्यमिकला सहा विषयांचे सहा शिक्षक, वर खासगी क्लास. मुलाचे गुण क्लासमुळे वाढले की शाळेमुळे, हे वेगळं काढायला साधन नाही.

मृदुला_प

स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या बाजूने लिहिते. इथे अहवाल लिहिलाच जात नाही असं नाही, उलट फार लिहिला जातो. दर महिन्याला फॉर्म, त्यात 'पालकांच्या तक्रारी' असा रकाना. अडचण ही की तक्रार आली एवढंच मोजतात, तक्रार कशाची ते पाहत नाहीत. मुलाला कमी गुण दिले म्हणून आलेली तक्रार आणि दोन महिने वही तपासली नाही म्हणून आलेली तक्रार एकाच खणात पडतात. परिणाम उघड आहे: गुण सैल होतात. तक्रारीची नोंद ठेवायची तर चार गोष्टी हव्यात. नेमकी बाब, तारीख, शिक्षकाचं म्हणणं, आणि पडताळणीत काय आढळलं. चौथा रकाना रिकामा असेल तर ती तक्रार मूल्यमापनात धरू नये.

प्रशिक्षणाचे तास हाही असाच फसवा आकडा. नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास सांगितलेत. ५० प्रमाणपत्रांची फाइल तयार होते. तास मोजू नका, त्या प्रशिक्षणातली एक गोष्ट वर्गात कुठे दिसली ते निरीक्षणात शोधा.

मुलांना विचारावं का, तर हो, पण नीट. आठवीच्या पुढेच. नाव नको. शिक्षक वर्गात नकोत, कागद दुसऱ्यांनी गोळा करायचे. पंधरापेक्षा कमी कागद आले तर वापरायचे नाहीत, अक्षर ओळखू येतं. परीक्षेचे गुण हातात पडल्यावर लगेच घेऊ नका, राग किंवा आनंद उतरतो. 'सर आवडतात का' हा प्रश्न बाद. विचारायचं ते जे मुलांना स्वतः दिसतं: मागच्या पंधरा दिवसांत वही तपासून परत मिळाली का. चुकलेलं उदाहरण पुन्हा समजावलं का. न समजल्यावर विचारायला भीती वाटते का. तास वेळेवर सुरू होतो का. आठ विधानं पुरेत, प्रत्येकाला 'नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही'. गोषवारा फक्त त्या शिक्षकाला आणि मुख्याध्यापकांना. नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की पुढच्या वर्षी मुलं खरं लिहिणार नाहीत, आणि शिक्षक तर मुळीच तयार होणार नाहीत.

कोकणकडा

एक रकाना सगळेच विसरताहेत: झालेले तास. दहावीला गणिताचे आठवड्याला सात तास धरले आणि ३० आठवडे, तर २१० व्हायला हवेत. निवडणुकीचं प्रशिक्षण, बीएलओचं (मतदारयादीचं) काम, ऑनलाइन माहिती भरणं, मंडळाच्या परीक्षेचं पर्यवेक्षण यात किती गेले? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात, पण तेवढ्यानेही तास जातातच. प्रत्येक शिक्षकाच्या अहवालासोबत तीन आकडे लावा: नियोजित तास, झालेले तास, बुडालेल्यांचं कारण. 'अभ्यासक्रम अपूर्ण' असा शेरा लिहिण्याआधी हे तीन आकडे वाचले पाहिजेत. न्यायपालन सरांनी 'आवाक्यातल्या कारणांमुळे' असं वर लिहिलंय, ते ठरतं इथेच.

आणि नवे आराखडे आले की प्रत्येक शिक्षकाला पुरावे जोडायला बसवू नका. शाळेच्या गुणवत्तेसाठीच्या एसक्यूएएएफमध्ये १२८ मानकं आहेत. ते शाळेचं मूल्यमापन आहे. त्याच्या फोटोंची संख्या शिक्षकाच्या अहवालात आली तर फोटो काढणारा शिक्षक पुढे जाईल आणि वह्या वाचणारा मागे राहील.

खडूवाले

सगळ्यांचे आभार. न्यायपालन सर, शेवटचा एक प्रश्न, अनुदानित शाळेपुरता. तीन निरीक्षणं झाली, तिन्हींत तोच दोष, चर्चाही झाल्या. आता हा कागद गोपनीय अहवालात कसा न्यायचा? आणि शिक्षकाला मान्य नसेल तर?

न्यायपालन

प्रत्येक निरीक्षणाच्या टिपणावर तारीख, इयत्ता, घटक आणि दोघांच्या सह्या हव्यात. शिक्षकाने सही नाकारली तर 'प्रत दिली, सही नाकारली' असं लिहून साक्षीदाराची सही घ्या, किंवा प्रत पोस्टाने पाठवा. दुसऱ्या निरीक्षणानंतर लेखी सूचनापत्र द्या. त्यात दोष एका वाक्यात, काय मदत दिली जाईल (सहकाऱ्याचा तास पाहणं, प्रशिक्षण, टाचणावर चर्चा) आणि पुन्हा कधी पाहणार ती तारीख. तिसऱ्या निरीक्षणात सुधारणा दिसली तर तेही लिहाच, फक्त प्रतिकूल नोंदी ठेवणारी फाइल आकसाची दिसते.

वर्षअखेरीच्या अहवालातला शेरा या टिपणांबाहेर जाता कामा नये. 'शिकवणे असमाधानकारक' असं न लिहिता 'नववीच्या तीन निरीक्षणांत वह्यांतील चुका दुरुस्त झालेल्या आढळल्या नाहीत, लेखी सूचना देऊनही सुधारणा नाही' असं लिहा, सूचनेची तारीख घालून. मग तो शेरा ऑगस्टअखेरपर्यंत लेखी कळवा आणि पोच जपा. शिक्षकाचं लेखी म्हणणं आलं तर ते शाळा समितीपुढे ठेवा आणि निर्णयाची प्रत त्याला द्या. शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावं: उत्तर देताना रागाचं पत्र नको. झालेल्या तासांचे आकडे आणि दुरुस्त केलेल्या वह्यांच्या प्रती जोडा.

प्रकरण चौकशीपर्यंत गेलंच तर समितीत तिघं असतात: एक संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून. तिसरा माणूस स्वतः वर्ग चालवलेला असतो. तो सगळ्यात आधी निरीक्षणाची टिपणं मागतो, त्यामुळे मूळ प्रती मुख्याध्यापकांच्या कपाटात, वर्षवार, अनुक्रमांक घालून ठेवा.